खेळघरातली मण्यांची तार

मी एक जुनी तार आहे. मणी ओवलेली, दोन पदरांची. खेळणाऱ्यांचे गुण मोजणे एवढेच माझे काम होते. खेळ सुरू झाला की माझे मणी एकेक करून डावीकडून उजवीकडे सरकत, आणि खेळ संपला की सगळे एका झटक्यात पुन्हा डावीकडे ढकलले जात. जिंकणाऱ्याचेही आणि हरणाऱ्याचेही. मित्रांनो, वर्षानुवर्षे असे होत राहिले म्हणजे थकवा येतो. पोलादालाही येतो.

माझा जन्म धर्माशेट भोईर यांच्या हौसेतून झाला. तरुणपणी ते आगबोटीवर भट्टीत कोळसा मारायला होते. एकदा अमेरिकेच्या बंदरात त्यांची बोट बरेच दिवस दुरुस्तीला अडकून पडली. तेव्हा खलाशांच्या वस्तीत त्यांनी एक खेळ पाहिला. हिरवी बनात, म्हणजे लोकरीचे जाड कापड, ताणून बसवलेले मोठे मेज, त्याला सहा खिसे, त्यावर रंगीत गोटे आणि हातात लांब काठी. तो खेळ त्यांच्या मनात जो बसला तो बसलाच. पुढे गावी येऊन त्यांनी लाकडाचा धंदा केला, शहापुराहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर भाताची गिरणी घातली आणि हातात चार पैसे खेळू लागताच मुंबईहून तसले एक जुने मेज आणवले. बैलगाडीतून ते उतरवताना अर्धे शहापूर पाहायला जमले होते. गिरणीच्या भिंतीला लागूनच त्यांनी एक लांब कौलारू पडवी काढली. लोक तिला खेळघर म्हणू लागले.

मेज आले, पण गुण मोजायचे कसे? धर्माशेटनी अमेरिकेत पाहिले होते तसे मणी कल्याणच्या एका लाकूड कातणाऱ्या कातार्‍याकडून करून घेतले. लाकूड मुरबाडच्या रानातले. पिवळसर मणी हळदूचे आणि दर दहावा मणी काळ्या शिसवीचा. पोलादी तारेच्या दोन पदरांत ते ओवले, प्रत्येक पदरात शंभर, आणि मला मेजाच्या वर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणून बांधले. वरचा पदर एका खेळाडूचा, खालचा दुसऱ्याचा.

खेळ साधा होता. पंधरा रंगीत गोटे, आणि काठीने मारून त्यांच्यावर सोडायचा एक पांढरा. कुठलाही गोटा कुठल्याही खिशात घाला, मात्र कुठला गोटा कुठे घालणार ते आधी सांगायचे. सांगितल्याप्रमाणे गेला तर एक गुण, म्हणजे माझा एक मणी पुढे. चूक झाली, पांढरा गोटाच खिशात पडला, तर एक मणी मागे. शेवटचा एक गोटा मेजावर उरला की बाकीचे चौदा पुन्हा त्रिकोणात रचायचे आणि खेळ तसाच पुढे चालू. ज्याचे शंभर आधी भरतील तो जिंकला. "आधी बोलायचा, मग मारायचा," असे धर्माशेट प्रत्येक नव्या माणसाला बजावत.

मणी सरकवायला त्यांनी सावळारामला नेमले. सावळाराम गिरणीत धान्य मापायचा. तुम्हांला ठाऊकच आहे, धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन... सावळारामने तीच चाल खेळघरात आणली. हातात बांबूची आकडी, ती उंच धरून तो मणी सरकवायचा आणि मोकळ्या, गोड आवाजात आकडा सांगायचा. पहिला गोटा पडला की सारे मिळून ओरडत, "लाभ!" रानखात्याचे कारकून, शाळामास्तर, लाकडाचे व्यापारी असे सगळे तिथे येत. कोणी माझे मणी निरखत, कोणी कातार्‍याची वाहवा करत. दर शनिवारी सावळाराम मला खोबरेल तेलाचा बोळा फिरवी. ती माझी चांगली वर्षे. ती फार नव्हती.

एके दिवशी सकाळी गिरणीत भात मापता मापता सावळारामच्या हातातून पायली निसटली. तो वाकला तो वाकलाच. शरीराची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. वैद्य आला, कल्याणचा डॉक्टर आला. जीव वाचला, एवढेच. तोंडाची हालचाल व्हायची, घसा घरघरायचा, पण शब्द म्हणून उमटत नसे. बायकोकडे पाहून तो काहीतरी म्हणायला जाई आणि मग डोळे मिटून घेई.

त्याची बायको भागीरथी गिरणीतच तांदूळ पाखडायला होती. दोघे गिरणीमागच्या खोलीत राहत. मूलबाळ नव्हते. खेळघरासाठी धर्माशेटनी दुसरा माणूस ठेवून पाहिला. तो गप्पांत रमायचा आणि मणी विसरायचा. मग एके दिवशी भागीरथी पदर खोचून दारात उभी राहिली.

"शेट, ती आकडी माझ्या हातात द्या. मोजायला मला येतं."

तिथे बसलेले चांगोशेट चटकन म्हणाले, "बाईमानूस खेळघरात?" चांगोशेट मुरबाडचे, धर्माशेटचे धंद्यातले भागीदार आणि जुने मित्र. आठवडी बाजाराच्या दिवशी सर्विस मोटारीने येत आणि दोघांचा डाव रंगे.

धर्माशेट म्हणाले, "गिरणीत बायकाच हायेत ना? मधी येक भिंत, तेवढाच फरक."

अशी भागीरथी माझ्याकडे आली. ती ठेंगणी होती. आकडी माझ्यापर्यंत पोचवायला तिला टाचा उंचवाव्या लागत. सकाळभर पाखडून केसांत कोंडा, डोळे चुरचुरत असलेले, दुपारी नवऱ्याला अंघोळ घालून भरवायचे आणि मग इथे येऊन हात वर करून उभे राहायचे. डाव लांबला की तिचा खांदा थरथरायचा. तो थरकाप आकडीतून माझ्यापर्यंत येई. पण मणी तिने कधी चुकवला नाही. आकडा मात्र ती हळू सांगायची, तोंडातल्या तोंडात.

नवऱ्याला एकटे टाकता येत नसे, म्हणून ती त्यालाही घेऊन यायची. भिंतीशी भाताच्या पोत्यांचा लोड करून त्याला टेकवून बसवायची. तो छताकडे बघत राही.

असेच एकदा शाळामास्तरांनी डावाचा पहिला गोटा खिशात घातला. भागीरथीने आकडी लावली. मणी मण्यावर आपटला, टक्. आणि कोपऱ्यातून आवाज आला, "लाभ."

सगळे वळले. सावळाराम माझ्याकडे बघत होता. मास्तरांनी घाईघाईने पुढचा गोटा मारला. टक्. "दोन." पुढचा. "तीन." अगदी स्वच्छ. जीभ अडखळत नव्हती. भागीरथीच्या हातातली आकडी खाली आली. तिने पदर तोंडाशी धरला. "वाचा आली! शेट, यांना वाचा आली!"

वाचा आली नव्हती. घरी नेऊन तिने नाना परीने पाहिले. पाणी म्हणा, भाकर म्हणा, माझे नाव घ्या. घसा नुसता घरघरायचा. पण खेळघरात मणी वाजला की आकडे ओठांवर येत. डॉक्टर म्हणाले, कधी कधी असे होते. बोलणे जाते, पण पाठ झालेली गोष्ट आपोआप निघते. ती भाषा नव्हे, सवय आहे. भागीरथीला त्याचे काही वाटले नाही. तिच्या नवऱ्याचा आवाज तिला पुन्हा ऐकू येत होता. त्यानंतर आकडी धरताना ती पहिल्यांदाच जरा सैल उभी राहू लागली.

पण मित्रांनो, यात एक अडचण होती. सावळारामची मोजणी फक्त पुढे जायची. चूक झाली आणि भागीरथीने मणी मागे घेतला की त्याला मागे येता येत नसे. आणि माझे पदर दोन, खेळणारे दोन. एकाचे बारा झाले आणि दुसरा खेळायला आला की त्याच्या पहिल्याच गोट्याला सावळाराम म्हणे, "तेरा." मग हा आकडा कुणाचाच नसे. बाकीचे हसून सोडून देत. चांगोशेटना मात्र ते सहन होईना.

त्यालाही कारण होते. त्यांचा एकुलता एक मुलगा कुंडलिक लष्करात मोटार हाकायला गेला होता. त्याची पलटण सिंगापुरास गेली, सिंगापूर जपान्यांच्या हाती पडले, आणि त्यानंतर मुलाचे काहीच कळले नाही. जिवंत आहे की नाही, तेही नाही. वर्ष उलटून गेले. चांगोशेट वाळत चालले होते. खेळात मात्र अजून हात साफ होता.

एका बाजाराच्या दिवशी त्यांनी काठी मेजावर आडवी टाकली.

"गो भागीरथी, ह्याला गप कर. माझे अठरा झाले नि हा चाळीस बोलतो."

"शेट, तारेवरचा आकडा खरा. यांचं ध्यानात घेऊ नका."

"डोळ्यानं तार बघीन गो, पन कानाचं काय करू?"

धर्माशेट मध्ये पडले. "चांगो, बसूं दे त्याला. तेवढंच येक बोलतो तो."

चांगोशेट त्यांच्याकडे वळले. त्यांचा आवाज वाढला नाही, उलट खाली गेला. "धर्मा, घरी बायको दाराकडं बघत बसते. मोटार वाजली की उठते. मी इथं येतो ते घटकाभर डोकं गप ऱ्हावं म्हनून. इथं पन कोनी मोजत बसला तर मी जाऊ कुठं?"

भागीरथीने आकडी भिंतीला टेकवली, नवऱ्याच्या काखेत हात घातला आणि त्याला बाहेर गिरणीच्या ओट्यावर नेऊन बसवले. परत येऊन तिने आकडी उचलली. डाव पुढे सुरू झाला.

त्या दिवसापासून सावळाराम ओट्यावरच बसू लागला. मध्ये जाड भिंत आणि गिरणीच्या इंजिनाचा धडधडाट. माझा आवाज त्याच्यापर्यंत पोचेना, आणि त्याचे आकडे थांबले. आधी तो दाराकडे मान वळवून बघे. नंतर तेही सोडले. घास तोंडात धरून बसू लागला. भागीरथीने घरी चिंचोके आपटून पाहिले, वाटीवर वाटी वाजवून पाहिली. त्याने ओठ हलवले नाहीत. लाकडाचा तो आवाजच त्याला ओळखीचा होता.

मी वर टांगलेली होते. मला हाक मारता येत नव्हती, मोठ्याने वाजता येत नव्हते. जेवढे सरकवाल तेवढेच मी वाजणार. मला मोजणी येते, बोलणे येत नाही. त्या दिवसांत भागीरथी मणी इतके ओझ्याने सरकवी की जणू ते दगडाचे आहेत.

एकदा तिने धर्माशेटना सांगितले, "पुढल्या महिन्यापासून दुसरा कोनी बघा. माझ्याच्यानं नाय व्हत आता."

"अगो, पन का? कोनी काय बोललं का?"

"बोलतो कोन? तेच तर." एवढे म्हणून ती सूप घेऊन गिरणीत गेली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी धर्माशेटना ताप होता. ते घरीच पडून होते. बाकीचेही कोणी आले नव्हते. तरीही दुपारच्या मोटारीने चांगोशेट आले. खेळायला जोडीदार नाही हे कळूनही ते परत गेले नाहीत. घरी जायचे नव्हते म्हणा. एकटेच काठीला खडू लावत उभे राहिले. भागीरथीने गोटे त्रिकोणात रचले आणि आकडी हातात घेतली.

गिरणीचे इंजिन त्या दिवशी बंद होते. खेळघर इतके शांत होते की गोटा गोट्याला लागल्याचा आवाज कौलांपर्यंत येई. चांगोशेटनी काही गोटे घातले. मग ते थांबले. काठी हातातच होती. उघड्या दारातून बाहेरच्या ओट्याचा कोपरा दिसत होता, आणि त्या कोपऱ्यात सावळारामचे लुळे पाऊल.

"तो आता आकडे बोलतो का गो?"

"नाय."

"घरी?"

"घरी पन नाय."

"कवापासून?"

भागीरथीने आकडीने बाहेरच्या ओट्याकडे दाखवले. चांगोशेटनी काठी मेजाला टेकवली. मग म्हणाले, "माझ्या घरी पन कोनी बोलत नाय. बायको आता विचारायची पन बंद झालीय. मला वाटायचं, गप असलं म्हंजे बरं." ते दाराशी गेले. "चल, धर त्याला त्या बाजूनं. आत आनू."

दोघांनी मिळून सावळारामला आत आणले आणि त्याच्या जुन्या जागी टेकवून बसवले. चांगोशेटनी स्वतः माझे मणी आकडीने मागे ढकलले. "पैल्यापासून," ते म्हणाले.

पहिला गोटा गेला. टक्. कोपऱ्यात काही नाही. दुसरा गेला. काही नाही. भागीरथी नवऱ्याकडे बघायचे टाळत होती. चांगोशेट घाम पुसून पुन्हा वाकले, खिशाचे नाव घेतले, मारला. टक्.

"लाभ."

तारेवर तीन मणी होते. चांगोशेटनी चटकन आकडी मागून घेतली आणि तिन्ही मणी मागे सारून एकच पुढे ठेवला. "त्याच्यापासून धरायचं," म्हणाले. भागीरथी हसली. किती तरी दिवसांनी.

मित्रांनो, एकच खेळणारा होता, त्यामुळे एकच मोजणी होती. कुठे घोटाळा व्हायला जागाच नव्हती. हुकले की चांगोशेट पुन्हा मारत. गोटे संपत, भागीरथी पुन्हा रचे. पहिला काळा मणी गेला, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. सावळारामचा आवाज आधी बारीक होता, मग जुन्यासारखा मोकळा झाला. सत्तरीच्या पुढे कुठेतरी पांढरा गोटा रंगीत गोट्यामागोमाग खिशात पडला. चूक. भागीरथीच्या हाताला सवय होती. तिने मणी मागे घेतला. सावळाराम मात्र पुढच्या गोट्याला पुढेच गेला. तेव्हापासून त्याचा आकडा माझ्यापेक्षा एकाने जास्त राहिला. चांगोशेटच्या ते ध्यानात आले होते, पण ते काही बोलले नाहीत.

ऊन दारातून आत सरकून भिंतीवर चढले होते. गोटा गेला, मणी वाजला, आणि सावळाराम म्हणाला, "शंभर."

चांगोशेटनी काठी खाली ठेवली. "झाले शंभर."

भागीरथी म्हणाली, "शेट, तारेवर नव्व्याण्णव हायेत. येक राह्यला."

"तुझ्या तारेवर राहूं दे. त्याचे झाले."

त्यांनी सावळारामजवळ जाऊन त्याचा लुळा हात हातात घेतला. मग तिथेच पोत्याला टेकून बसले आणि हमसून हमसून रडले. मुलाचे नाव घेऊन रडले. भागीरथीने पाण्याचा तांब्या आणून त्यांच्याजवळ ठेवला आणि दाराकडे तोंड करून उभी राहिली, म्हणजे त्यांना अवघडल्यासारखे होऊ नये.

माझ्यावर एक मणी सरकायचा राहिला होता. इतक्या वर्षांत मला अपुरा डाव कधी आवडला नव्हता. तो आवडला.

भागीरथीने खेळघर सोडले नाही. पुढे आठवड्यातून एक दिवस चांगोशेट लवकर येत, बाकीच्यांच्या आधी, आणि एकटे खेळत. सावळाराम मोजत असे आणि शंभर झाले की थांबे. मग दोघांचे डाव सुरू झाले की तो गप बसून बघे, आणि ते त्याला चाले.

लढाई संपली. त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी कुंडलिक परत आला. कैदेत होता. हाडांचा सापळा, एका कानाने बहिरा, पण आला. चांगोशेट त्याला घेऊन एकदाच खेळघरात आले, भागीरथीला दाखवायला. "हा बघ गो," एवढेच म्हणाले. तिने मीठमोहऱ्यांनी त्याची दृष्ट काढली. त्यानंतर चांगोशेट खेळायला आले नाहीत. त्यांना आता घरी राहावेसे वाटत होते. माझे ओसाडपण असे चांगल्या गोष्टीने सुरू झाले. त्याबद्दल मी रुसू कशी?

पण ओसाडपण ते ओसाडपणच. भातावर सरकारी नियंत्रण आले, गिरणी महिनोन् महिने बंद राहू लागली. धर्माशेट थकले. बनातीला कसर लागली, खिशांची जाळी उंदरांनी कुरतडली, माझ्यावर कोळ्यांनी घरे केली. शेवटी मेज कल्याणच्या कोणीतरी नेले. त्यांच्याकडे गुण लिहायला फळा होता. मी त्यांना नको होते. भागीरथीने मला मागून घेतले आणि नवऱ्याला बैलगाडीत निजवून शेणव्याला, आपल्या माहेरी आली.

इथे तिने मला ओटीच्या दोन खांबांना बांधले. खेळ नाही, खेळणारे नाहीत. तरी रोज सकाळी आकडीने ती मणी सरकवी आणि सावळाराम मोजी. दोघांचे बोलणे म्हणून जे काही होते, ते एवढेच. एका हिवाळ्यात तो अंथरुणातून उठेनासा झाला आणि मग गेला. आकडी कोपऱ्यात पडून राहिली. भागीरथी माझ्याखालून ये-जा करी, पण मान वर करत नसे. मी गंजले. तिच्याशीही कोणी बोलेना. थकलेल्या विधवेशी बोलायचे तरी काय, असे लोकांना वाटत असावे.

मग एक दिवस तुम्हां पोरांतली गोदू आली. तिला वासराच्या गळ्यात बांधायला मणी हवा होता. भागीरथीने माझे टोक पकडीने उकलले, एक मणी काढला, पदराने पुसून तिच्या हातावर ठेवला. गोदू मणी घेऊन पळालीच. दुसऱ्या दिवशी दुसरे कोणी आले. आता तुम्ही रोज येता. कुणाला मासळीच्या जाळ्याला हवा असतो, कुणाला भोवऱ्याच्या दोरीला.

मित्रांनो, तुम्ही मला मोडता याचे मला वाईट वाटत नाही. हळदूचे लाकूड टिकाऊ असते. वासराच्या गळ्यातही ते गोड वाजेल. मला तेल लावा, मला जपा, असेही मी म्हणत नाही. माझी एकच विनवणी आहे. मणी मिळाला की लगेच पळू नका. ती मणी पुसत असते तेव्हा तिच्याकडे बघा, काहीतरी विचारा. काहीही. वासराचे नाव सांगा. ती उत्तर द्यायला जरा वेळ लावते, तेवढे थांबा.

माझ्यावर अजून पुष्कळ मणी आहेत. मूठभर एकदम मागू नका. एका वेळी एकच मागा.